माळावरच्या चुन्याच्या खुणा

आजही कुणी जमिनीवर चुन्याची फक्की मारताना दिसला की माझं डोकं सटकतं.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका सरकारी कचेरीची जीप चालवायचो. तिथल्या साहेबाला मोकळी जमीन बघवत नसे. स्वतःच्या टकलावर त्यानं रोपं कशी लावली नाहीत, देव जाणे. वळसंगकडच्या माळावर झाडं लावायचं ठरलं. चुन्याचे ठिपके पडले. प्रत्येक ठिपक्यावर खड्डा घ्यायचा होता.

त्याच माळावर माळढोक राहायचा. पक्षी कसला, उंटच! वर्षाला एक अंडं, तेही उघड्या जमिनीवर. मेंढरं राखणाऱ्या धनगरमामांनी ते मला दाखवलं. ठिपक्यापासून वीतभर लांब.

मी कॉलेजातल्या पक्ष्यांच्या प्राध्यापकांना गाठलं. ते धावत कचेरीत आले. "तीन आठवडे थांबा. आणि ह्या पक्ष्याला झाडं नकोत, उघडा माळ हवा."

साहेब खेकसला, "एका अंड्यासाठी? वर काय कळवू, कोंबडी खुडूक बसलीय म्हणून?"

प्राध्यापक तणतणत बाहेर पडले. माझे हात शिवशिवत होते, पण नोकरी होती.

संध्याकाळी माळावर गेलो, तर मामांनी मला बाजूला घेतलं. "डायवर, खड्डं पांढऱ्या खुणंवरच घेत्यात न्हवं?"

"व्हय की."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी माळावर एक ठिपका शिल्लक नव्हता. मेंढरांच्या खुरांनी सगळा चुना मातीत मिळवलेला; अंड्याजवळचा ठिपका तेवढा मामांनी हातानं पुसलेला. अंड्याच्या दिशेला मामा काठी टेकून उभे, मादी बिचकणार नाही इतक्या लांब; कळप त्यांना वळसा घालून जायचा. कचेरीनं पुन्हा फक्की मारली, मेंढरांनी पुन्हा पुसली. साहेबानं मला विचारलं. म्हटलं, "वारं लई सुटलंय, साहेब. काल माझी टोपी उडाली ती होटगीच्या फलाटावर सापडली."

असे तीन आठवडे निघाले आणि पिल्लू बाहेर आलं. प्राध्यापकांनी साहेबाला जीपमध्ये घालून आणलं, दुर्बीण हातात दिली. साहेब बराच वेळ डोळ्यावरून ती काढेना. मग घसा खाकरून म्हणाला, "हा पट्टा सोडू. तुम्ही जागा सांगा, आम्ही राखू."

जीपच्या बॉनेटवर कागद झाला. तज्ज्ञांचं मार्गदर्शन, कचेरीचं संरक्षण, दोघांच्या सह्या. मामा म्हणाले, "वाच की, डायवर." वाचत गेलो. शेवटचं कलम होतं: चराईस सक्त मनाई.

"म्हंजी मीच भायेर?" मामा एवढंच म्हणाले.

प्राध्यापक कडाडले, "अहो, मेंढरं चरली नाहीत तर गवत कमरेएवढं होईल! पक्षी थांबेल का? खोडा ते कलम!"

"नियम आहे," साहेब म्हणाला.

तेव्हा माझा तोल गेला. "अंडं कुणी राखलं साहेब? तुमच्या फायलीनं? वारंबिरं काय नव्हतं. ह्यांच्या मेंढरांनी तुमचा चुना पुसला म्हणून आज तुम्हाला पिल्लू दिसलं!" माझा आवाज अक्कलकोटपर्यंत गेला असणार.

साहेब लालबुंद झाला. पण पिल्लू समोरच चालत होतं. त्यानं कागद ओढला आणि कलमाच्या वर बारीक अक्षरात लिहिलं: स्थानिक धनगराची मेंढरं वगळून.

मामांनी हात जोडले. प्राध्यापक हसले. मी हसलो नाही. साहेबानं सही शाईनं केली होती, आणि हे वाक्य पेन्सिलीनं.