दारं धरणारे दाजी

लग्नाच्या मांडवात, ताटात बुंदी वाढून झाल्यावर, शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्याला “तुमच्यात कोण बुडून गेलंय का?” असं विचारणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत एकच होता, आणि ते माझे दाजी होते, थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आवाज असा की यंदा ऊस कसा आहे एवढंच विचारताहेत. पाहुणा घास तोंडात धरून बघत राही. दाजी खिशातून पेन्सिल काढत. “न्हाई म्हंजे, पवायला येत असून बुडालेलं सांगा. येत नसलेलं धरायचं न्हाई.”

कराडजवळच्या त्यांच्या घरी साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सगळी भावकी काढलेली होती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. जो अचानक गेला त्याचा चौकोन पेन्सिलीनं काळा. एका चुलतीनं स्वतःचा गोल अर्धा काळा बघितला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, “मी जिती हाय न्हवं?” दाजी म्हणाले, “व्हय काकू. पर तुमाला भोवळ येती. म्हणून अर्धाच भरलाय.” तिनं त्यानंतर दोन वर्षं त्यांच्या घरचा चहा घेतला नाही.

हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. दाजींचा धाकटा भाऊ पट्टीचा पोहणारा. भर उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीत त्यानं उडी टाकली, दोन हात मारले आणि तो वर आलाच नाही. त्याआधी एक चुलता तिथंच गेला होता. विहीर माणूस घेते, असं भावकीनं ठरवलं आणि बाराही महिने गोड पाणी देणारी विहीर बुजवून टाकली. मातीच्या पाट्या वाहायला तरुण दाजीही होते. पुढं त्यांची मुलगी खो-खो खेळताना पडायला लागली. फोडलेला कांदा नाकाशी धरायचा, शुद्धीवर आली की घरी आणायचं. कितीतरी वर्षं तिनं फेफऱ्याच्या गोळ्या खाल्ल्या.

मग सांगलीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त पुण्याला पाठवलं. मी सोबत होतो. बाईंनी सांगितलं, हृदयाच्या पेशींना सूक्ष्म दारं असतात, त्यातून क्षार आतबाहेर करतात, त्यावर ठोका चालतो. ती दारं घडवणाऱ्या एका जनुकात पिढ्यान्‌पिढ्या चूक आली आहे. हेच जनुक मेंदूतही काम करतं, म्हणून ते फेफरं वाटत राहिलं. पळताना, पोहताना ठोक्यांचा ताल बिघडतो. दाजींनी ते एका दमात समजून घेतलं आणि गावभर स्वतःच्या भाषेत सांगितलं: “उसाला पाणी पाजताना दारं धरायला माणूस लागतो का न्हाई? एक सरी भरली की दार मोडायचं, दुसरीला पाणी द्यायचं. आमच्या घराण्यातला दारं धरणारा डुलक्या घेतो.”

पण त्या दिवशी परतीच्या एसटीत ते फक्त एकच वाक्य बोलले होते. “म्हंजे विहिरीचा काय दोष न्हवता.”

भावकीला हे पटलं नाही. पोरींची लग्नं मोडतील म्हणून लोक त्यांना लग्नालाच बोलवेनासे झाले. दाजींचा जीव मात्र एकीत अडकला होता: बुडालेल्या भावाची नात, स्वाती. ती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायची. तिची आई म्हणे, “आवं मामंजी, नोकरी तर लागू द्या. मग काय काढायच्या त्या पट्ट्या काढा.” तेव्हा सत्तरीतले दाजी सायकल घेऊन तिच्या मागं जाऊ लागले.

“आबा, लोक हसत्यात,” स्वाती म्हणे.

“हसू देत की. मी काय बोलतोय का? नुसता मागं हाय.”

गेल्या पावसाळ्यात दाजी न्यूमोनियानं गेले. हृदय शेवटपर्यंत नीट चाललं. भावकीला तेवढं पुरलं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. जमलेल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, “बघा, काय इच्छा मागं न्हाई राहिली.”

आक्का भावकीसमोर कधी बोलत नसे. ती म्हणाली, “राहिलीय. कावळ्याला काय कळतंय.” आणि ती स्वातीच्या आईकडे बघत राहिली. शेवटी त्या बाईनं मान खाली घातली आणि विचारलं, “पट्टी कराडला काढत्यात का, सांगलीलाच जावं लागंल?”

स्वातीच्या पट्टीत तोच दोष निघाला. पळणं बंद झालं, रोजची गोळी सुरू झाली. भरतीच्या दिवशी ती सांगलीला आमच्याकडे आली आणि दुपारपर्यंत पुस्तकांच्या कपाटासमोर एकही पुस्तक न काढता बसली. मी चहा केला. मग म्हणाली, “आबा मागं दिसले की मी कॅनॉलच्या कडेनं वळायचे. तिथं चिखलात सायकल येत न्हाई. त्यांना कळलं असंल का?”

“कळलं होतं. मला सांगितलं होतं त्यांनी.”

“काय म्हणाले?”

“पोरगी लय हुशार हाय, म्हणाले.”

ती हसली नाही. तिनं कपबशी धुऊन पालथी घातली, आपली गोळी घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसली. “अजून सांगा,” म्हणाली.