लाल गोल

गेल्या शनिवारी माझ्या कागदावर एकही लाल गोल नव्हता, म्हणून आज मी पेढे घेऊन गेले.

आमच्या सोसायटीतल्या लिनबाई मूळच्या तैवानच्या, पण सासर इथलंच. त्या मला चिनी अक्षरं शिकवतात. नमुन्याचा कागद समोर ठेवतात, मी कुंचल्याने तसंच गिरवते, मग त्या एखाद्या रेघेभोवती लाल शाईने गोल काढतात. मी तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्यात. लाल गोलाचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. घरी येऊन गोलातली प्रत्येक रेघ मी हट्टाने बदलत गेले.

"बघा, आता एकही गोल नाही!" मी म्हटलं.

"तीच काळजी वाटते मला," त्या म्हणाल्या. "आधी किती छान येत होतं तुम्हाला. छान रेघेलाच गोल करतो आम्ही."

"आणि चुकलेलीला?"

"तिला कशाला? ती तर पुन्हा लिहायचीच आहे."

मी पहिला कागद काढला. गोलातली ती तिरकी रेघ आता काही केल्या हाताला येईना. मुलांच्या वह्यांत मी ज्यावर खूण केली नाही, ते मला आवडलं होतं, हे त्यांना कळलं असेल का? मला तरी काही आवडलं होतं का? काहीच आठवेना.

लिनबाईंनी डब्यातला एक पेढा उचलला.

"कशाचे हो?"