रांजण कुठल्या अंगाला होता

एसटीचा पगार खाऊन जन्मभर रेल्वेचे गोडवे गाणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो माझ्याच नशिबी मेव्हणा म्हणून आला. निलंगा-मुरुड गाडीवर त्याने उभी हयात कंडक्टरकी केली. गळ्यात एसटीची चामडी पिशवी, हातात तिकिटाचा चिमटा, आणि तोंडात मात्र छोट्या रुळाची रेल्वे. बस खड्ड्यात आदळली की हा उतारूंना सांगणार, "रुळावर खड्डा नसतो." एकदा ड्रायव्हर कावला. गाडी उभी करून म्हणाला, उतर आणि जा रुळावरून चालत. हा खरंच उतरला आणि चालायला लागला. सगळ्यांच्या तिकिटांचे पैसे त्याच्या पिशवीत, त्यामुळे ड्रायव्हरलाच मागं पळत येऊन त्याची समजूत घालावी लागली. आत बसलेल्या म्हाताऱ्या म्हणे दोघांनाही शिव्या देत होत्या.

आता रेल्वेत हा कधी हमालसुद्धा नव्हता. पण त्याचा बाप आमच्या गावच्या ठेसनावर पाणीवाला होता. छोटी गाडी येऊन थांबली की डब्याडब्यापाशी जाऊन उतारूंना पाणी पाजायचं, एवढं काम. ती गाडी इतकी सबुरीने चालायची की चढावर माणूस उतरून, शेंगा उपटून, परत चढायचा. बापाच्या ह्या नोकरीचा मेव्हण्याला असा काही अभिमान की विचारू नका. दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा हा नवा सदरा घालून रुळाकडेला जाऊन उभा राहिला. पाण्याची गाडी जाताना तिला हात जोडले आणि मला म्हणाला, "बघा दाजी, सरकार शेवटी आमच्या बापाच्या लायनीवर आलं."

त्या पाणीवाल्याची थोरली लेक म्हणजे माझी मंडळी. ठेसनाच्या दारापाशी दगडी ओट्यावर मोठा रांजण असायचा. बाप डब्यांकडे गेला की रांजणापाशी ती बसायची आणि येईल त्याच्या ओंजळीत तांब्याने पाणी ओतायची. मी तेव्हा पेरूची पाटी घेऊन बार्शीच्या बाजाराला निघालो होतो. ओंजळ धरली. पाणी पिलो. परत धरली. तिसऱ्यांदा धरली तेव्हा गाडी निघून गेली होती. पेरू ठेसनावरच राहिले, आणि हा मेव्हणा, तेव्हा चड्डीत होता, तो बापाला ओरडून सांगायला लागला, "बापू, ह्या माणसाला कायतरी रोग हाय, सारखं पाणीच पितोय." तेवढं एक निदान त्याने आयुष्यात बरोबर केलं. लग्न झालं तरी मेव्हण्याचं आणि माझं कधी एका गोष्टीवर जमलं नाही. बैल कुठला घ्यावा, पोळ्याला पाऊस होता का नव्हता, कशावरही भांडायचो, आणि भांडण पुरेसं तापलं की दोघंही एकदम म्हणायचो, तिला विचारू. ती चुलीपुढून मान वर न करता निकाल द्यायची. बहुतेक वेळा दोघंही चूक निघायचो.

मोठे रूळ आले, ते गावाबाहेरून गेले, आणि जुनं ठेसन बाजूला पडलं. कौलं गेली, खिडक्या गेल्या, शेरडं आत बसायला लागली. मग सरकारला कधी नाही ते सुचलं की ही जुनी इमारत आहे, जशी होती तशी उभी करायची. त्या दिवसापासून मेव्हण्याने नेमणूक नसताना ठेसनाचा जिम्मा घेतला. सकाळी कामगारांच्या आधी हजर. इंजिनिअर बाई आली की हा तिला सांगणार, ही खिडकी एक वीत खाली होती, हे दार आत उघडायचं, बाहेर नाही. बाई शिकलेली, पण सोसणारी. सगळं वहीत लिहून घ्यायची. जुन्या भिंतीला सिमेंट चालत नाही, चुना लागतो, त्यात गूळ लागतो, बेलफळाचा गर लागतो, हे तिला ठाऊक होतं. ह्यालाही ठाऊक होतं. पण गूळ पुरेसा पडला का हे बघायला ह्याने चुन्यात बोट घालून चाटलं. जीभ सोलून निघाली. चार दिवस नुसता दहीभात खाल्ला आणि बोलला नाही. गावाने ते चार दिवस सणासारखे घालवले. पाचव्या दिवशी तोंड उघडलं ते हेच सांगायला, "गूळ कमीच होता."

हे सगळं मला त्याच्याच तोंडून कळायचं, कारण मी काही बघायला जात नव्हतो. मागच्या थंडीत मंडळी गेली. तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगले आणि मी घरात बसलो तो बसलोच. रडत वगैरे नव्हतो. चपला घालायच्या तर जायचं कुठं, हे सुचत नव्हतं, एवढंच. पोरगा लातूरहून फोन करायचा, जेवला का म्हणायचा, मी जेवलो म्हणायचो. मेव्हणा रोज उंबऱ्यावर येऊन बसायचा. त्याने एकदाही, कसं वाटतंय, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हाकलून दिला असता. तो फक्त ठेसनाचं सांगायचा. आज दगड घासले, आज तुळई आली. मी आढ्याकडे बघत पडून राहायचो. चला म्हणायचा, मी नाही म्हणायचो, तो उठून जायचा.

एक दिवस आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "दाजी, रांजणाची जागा सांगून आलो. दाराच्या डाव्या अंगाला. उद्या ओटा पक्का करणारेत."

मी उठून बसलो. डाव्या अंगाला दुपारचं ऊन भिंतीवर आदळतं. रांजण उजवीकडे, लिंबाच्या सावलीत होता. मी तिथं तीन ओंजळी पाणी पिलेला माणूस, आणि हा उद्या तिची जागा चुन्याने बुजवून दुसरीकडे ओटा बांधणार. एकदा बांधला की पुढच्या सगळ्यांसाठी तेच खरं. बंडीवर, खांद्यावर टॉवेल टाकून निघालो. बोटं दुखायला लागली तेव्हा अर्ध्या वाटेत कळलं की पायात तिच्या चपला आहेत. परत फिरलो नाही.

ठेसनावर इंजिनिअर बाई वही घेऊन उभी, कामगार थांबलेले, मेव्हणा माझ्या मागोमाग पोचलेला. मी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "उन्हात पाणी ठेवायला तुझा बाप येडा होता का?"

तो म्हणाला, बाप माझा होता, तुमचा नव्हता. मी म्हणालो, बायको माझी होती. तो म्हणाला, बहीण माझी होती, ती डावीकडेच बसायची. मी म्हणालो, तू तेव्हा चड्डीची नाडी बांधत नव्हतास. असं बराच वेळ चाललं. इतक्या महिन्यांत मी एवढं बोललो नव्हतो, घसा दुखायला लागला. मग जन्माची सवय, दोघंही एकदमच म्हणालो, "तिला इचारू."

आणि गप्प झालो. बाईने वही मिटली. मेव्हणा लिंबाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हातारा दिसला.

शेवटी बाईच म्हणाली, उजवीकडे खणून बघू. हातभर मातीखाली दगड लागले. तीन, शेजारी शेजारी, आणि मधल्या दगडाला रांजणाच्या बुडाएवढी गोल खोलगट जागा. मी टॉवेलने माती पुसली. दगड थंड होता.

तेवढ्यात चुना मळणारी बाई म्हणाली, "अहो, ही जागा ह्या मामांनीच आम्हाला पहिल्याच दिवशी दावली होती. हिथं चुना टाकू नका, बहीण बसायची, म्हणाले. आज डावीकडं कशाला सांगितलं, मलाबी कळंना."

इंजिनिअर बाई वहीत तोंड घालून हसली. मी मेव्हण्याकडे बघितलं. एसटीत एवढी वर्षं बिनतिकिटाचे पकडणारा माणूस, पण स्वतः पकडला गेल्यावर कसं उभं राहायचं हे त्याला येत नव्हतं. चुन्याची बोटं सदऱ्याला पुसत म्हणाला, "बरोबर सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?"

मी त्याला दोन शिव्या दिल्या. त्याने त्या घेतल्या आणि माझ्या पायांकडे बघितलं. चपला त्याने ओळखल्या. स्वतःच्या काढून माझ्यापुढे सारल्या आणि अनवाणी माझ्यासंगं घरापर्यंत आला.

आता ओटा त्याच जागी झालाय. नवा रांजण आलाय, सकाळी तो आम्ही दोघं भरतो. गाडी येत नाही, पण शाळेला जाणारी पोरं, शेरडं राखणारे, बघायला येणारे, पाणी पिणारे काही कमी नाहीत. मेव्हणा त्यांना गाडी लागल्यासारख्या हाका मारतो. मी तांब्या धरतो. कुणी तिसऱ्यांदा ओंजळ धरली तर मी तोंडाकडे जरा निरखून बघतो.

बाकी त्याची खोड जात नाही. मी दोन दिवस गेलो नाही की ठेसनाबद्दल काहीतरी उफराटं कानावर येतं. काल निरोप आला, गाडीची घंटा इमारतीच्या मागच्या भिंतीला होती असं त्याने बाईला सांगितलंय. मागच्या भिंतीला? गाडी काय ज्वारीतून येत होती? घंटा कुठं होती ते त्याला ठाऊक आहे, मलाही आहे. आणि आता विचारायला तिसरं कुणी नाही म्हणून भांडण लवकर मिटतही नाही.

उठलो. तिच्या चपला दाराशी आहेत. त्या जरा बाजूला सरकवल्या आणि माझ्या घातल्या.