प्रत्येकाची वेगळी चूक

माझ्या थोरल्या साडूंइतकं शुद्ध मराठी अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी लिहीत नाही, आणि त्यांच्याइतकं रांगडं कुणी बोलत नाही. आम्ही दोघं कागलच्या एमआयडीसीत एकाच फाउंड्रीत कामाला होतो. संपाच्या पहिल्या दिवशी आमचा मोर्चा तासभर उशिरा निघाला, कारण फलकावरच्या ‘एकजुटी’त कुणीतरी वेलांटी उलटी काढली होती आणि ती सुलटी झाल्याखेरीज साडू फलक कुणाला उचलू देईनात. पुढं मालकांनी गेटवर निलंबनाची नोटीस लावली. आम्ही ती फाडायला धावलो, पण साडूंनी आधी तिच्यातल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवशी तीच नोटीस सुधारून लागली.

संप दोन महिने चालला आणि मग चालेना. पगारवाढ राहिली बाजूला. ज्याला परत यायचंय त्यानं चूक कबूल करून माफीनामा द्यावा, आणि सगळ्यांचा एकच मजकूर चालणार नाही, असं कंपनीनं कळवलं. चाळीसेक माणसं साडूंच्या घरी सोप्यात येऊन बसली. साडूंनी प्रत्येकाला वेगळी चूक शोधून दिली. एकाला बायकोनं भरीस घातलं होतं. दुसरा गेटवरची गर्दी पाहून वरात समजून थांबला होता. माझ्या मुलीचं अकरावीचं ॲडमिशन तोंडावर आलं होतं, म्हणून मीही रांगेत होतो. माझ्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘अर्जदार स्वभावानेच भित्रा असून, चार लोक जातील तिकडे जातो.’ मी दोनदा वाचलं. बदलण्यासारखं काही नव्हतं. सही केली.

मॅनेजरसाहेबांनी सगळे माफीनामे मंजूर केले. सोमवारी आम्ही कामावर गेलो; साडू आले नाहीत. त्यांचा माफीनामा पोचलाच नव्हता. पुढं ते गारगोटीला एका छापखान्यात लग्नपत्रिका तपासायला लागले, ते आजतागायत तिथंच आहेत. इतक्या वर्षांत हा विषय काढायचं धाडस मला झालं नाही.

गेल्या महिन्यात मी रिटायर झालो. पेढे घेऊन छापखान्यात गेलो आणि विचारलंच, की सगळ्यांचे लिहिलेत, मग स्वतःचा का नाही लिहिलात.

साडूंनी पत्रिकेवरची नजर काढली नाही.

“लिवाय बसलोतो की, पावणं,” ते म्हणाले. “चार कागद फाडलं. माझी चूक कुठली, तीच घावंना.”

मग त्यांनी पेढा खाल्ला आणि बाकावर थोडं सरकून मला जागा केली. छापखाना बंद होईपर्यंत मी तिथंच बसून होतो.