भरलेली टाकी आणि पाव मैल

कुठेही जायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून मला काळजी लागते. पुणे ते हावडा म्हणजे तर विचारूच नका. दोन रात्रींचा प्रवास, वय झालेलं, शिक्षण सातवीपर्यंत आणि हिंदी मोडकंतोडकं. पण नातीचा फोन आला, “आबा, तुमची गाडी शर्यतीत पळणार आहे. नाही आलात तर बघा!” झालं, तिकीट काढलं.

माझी गाडी म्हणजे तीन सिलेंडरची जुनी, छोटी. मी कऱ्हाडला राहतो; तिथली माझी गिरणी बंद केली तेव्हा मुलाला, सुनीलला, देऊन टाकली. तो कोलकात्याला बँकेत आहे. त्याच्या मुलीने, रेवाने, तिचं इंजिन उतरवून मोठ्या गाडीचं चार सिलेंडरचं बसवलंय. शर्यत सोपी असते. सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे आपले चारशे मीटर. दिवा हिरवा झाला की सुटायचं.

सुनील बागबाजारात भाड्याने राहतो. सकाळी कोपऱ्यावरची गरम कचोरी आणि बटाट्याची भाजी चुकवू नका. पन्नास रुपयांत पोट भरतं. घरमालक घोषबाबू माझ्याच वयाचे. मला जिन्यात बघताच ओरडले, “आ गया बरगी! इस बार क्या लूटेगा?” बरगी म्हणजे जुन्या काळी बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार; त्यांच्या धास्तीने इथूनच खंदक खणायला घेतला होता म्हणे. त्याचा हिशेब घोषबाबू माझ्याशी चुकता करतात.

घरात वातावरण तंग होतं. सुनीलची गुवाहाटीला बदली झाली होती. पॅसेजमध्ये गिअरबॉक्स, पलंगाखाली टायर. तो म्हणाला, “पंधरा सेकंदांच्या आत आली तर गाडी आपल्याबरोबर येईल. नाहीतर इथेच भंगारात.” रेवा म्हणाली, “डन!” माझी मात्र रात्रभर झोप उडाली.

रविवारी पहाटे निघालो. दुर्गापूरच्या रस्त्याने दोनेक तासांवर एक बंद पडलेली धावपट्टी आहे. रस्ता लोण्यासारखा आहे, टोलला सुटे पैसे ठेवा. सुनील त्याच्या गाडीने मागून येणार होता. मी रेवाशेजारी बसलो. मागची सीट नाही, पत्रा उघडा, पेट्रोलचा काटासुद्धा काढून टाकलेला.

“पेट्रोल किती आहे गं?”

“पुरेसं आहे, आबा.”

पुरेसं! या शब्दावर माझा कधीच विश्वास बसला नाही. टाकी भरल्याशिवाय मी गाव सोडलेलं नाही. वाटेत पंपावर रेवा हात धुवायला गेली आणि मी हळूच पोऱ्याला म्हटलं, “फुल!” पैसे दिले आणि शहाण्यासारखा गप्प बसलो. तेव्हा कुठे मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

धावपट्टीवर जत्राच होती. प्रेक्षकांना तिकीट आहे. टोपी, पाणी आणि कानाला कापूस न्याच. छोट्या छोट्या गाड्या, पण आवाज असा की छातीत ढोल वाजतो. चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढतात, रबर तापवतात. मी कडेला उभा राहून लहान पोरासारखा टाळ्या पिटत होतो.

प्रत्येकाला दोनच फेऱ्या. पहिल्या फेरीत रेवाची वेळ लागली पंधराच्या वर, अगदी थोडी. ती उतरली ती वैतागूनच.

“मोंटूदा, गाडी भारी लग रही है. कुछ तो गडबड है.”

तिचा मेकॅनिक मोंटूदा म्हणाला, “तेल तो कम ही रखा है ना?”

मी हळूच म्हणालो, “मी भरलं. फुल.”

मोंटूदाने कपाळावर हात मारून घेतला. मग रेवा जी हसत सुटली, ती जमिनीवरच बसली. “आबा, मी इथे ग्रॅम ग्रॅम कमी केलाय! सीट फेकली मी!”

आयोजकांनी मैदानाच्या टोकाला, आग विझवायचं नळकांडं शेजारी ठेवून पेट्रोल काढायला परवानगी दिली. मोंटूदाने कॅन भरले. पण ते ठेवायचे कुठे? आयोजक म्हणाले, इथे भरलेला कॅन ठेवायचा नाही. दुसरी फेरी जवळ आलेली. मग मीच कॅन उचलून, जिथे प्रेक्षकांच्या बाइक लावल्या होत्या तिकडे धावलो.

“पेट्रोल चाहिए? फुकट!”

एका पोराने संशयाने पाहिलं. “दादू, पानी तो नहीं मिलाया?” तिकडे आजोबांना दादू म्हणतात.

“अरे, पानी मिलाया तो मेरी नात मुझे मिलाएगी!”

रांग लागली. मी ओतत गेलो, पोरं “दादू, इधर!” ओरडत होती. उत्साहाच्या भरात मी सगळं वाटून टाकलं. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा पाचपन्नास बाइकवाले कठड्याला लटकून रेवाच्या नावाने बोंबलत होते. हिरवा दिवा, किंचाळी, धूर. फलकावर आकडा उमटला: १४.९. सुनीलच्या हातातला थर्मास पडला, आणि मला मिठी मारायला तोच पहिला आला!

आनंदात तो पुढे निघून गेला. आम्ही मागून निघालो आणि शक्तिगढच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन थांबली. टाकी कोरडी; पेट्रोल भरायचं दोघंही विसरलो होतो. रेवा माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे. 

तेवढ्यात मागून हॉर्न ऐकू आले. “दादू! की होलो?” काय झालं, विचारणारी ती सकाळचीच पोरं. कुणी बाटली काढली, कुणी नळी. प्रत्येकाने थोडं थोडं परत ओतलं. वर शक्तिगढला नेऊन लांगचा खायला घातला. गुलाबजामचा लांबट थोरला भाऊ म्हणा. पैसे मला देऊच दिले नाहीत.

निरोप घेताना घोषबाबू जिन्यात उभे होते. “बांटने वाला बरगी पहली बार देखा,” म्हणाले, आणि नव्या गुळाच्या संदेश मिठाईचा डबा माझ्या पिशवीत कोंबला.

गाडी आता गुवाहाटीला आहे. मी कऱ्हाडला परत आलोय आणि काळजी करणं काही सुटलेलं नाही. फक्त काल पंपावर स्कूटर लावली आणि म्हणालो, “अर्धीच.”

पोरगा चमकला. “आजोबा, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे रे. कुणी द्यायला आलं तर जागा असावी.”