तिची भिंगं आणि काचेचं कपाट

दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही दवाखान्यांतून उपटलेल्या दाढा मागून आणायचो, त्या प्लॅस्टरच्या ठोकळ्यात बसवायचो आणि त्यांच्यावर कोरण्याचा सराव करायचो. ज्याची दाढ सगळ्यांत उत्तम, ती आमच्या मॅडम प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात ठेवत. पहिल्या सत्रात तिथे मी कोरलेली दाढ होती. शनिवार पेठेतून दोन बस बदलून येणाऱ्या मला दुसऱ्या कशातच पहिलं येता आलं नव्हतं, त्यामुळे जाता-येता त्या कपाटाकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे.

मग माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीचा भाऊ अमेरिकेहून आला. खराडीतल्या आयटी कंपनीने त्याला तिकडे पाठवलं होतं. येताना त्याने बहिणीसाठी चष्म्यावर बसवलेली भिंगं आणली. अशी तर मॅडमकडेही नव्हती. आम्ही ठोकळ्याला नाक लावून बसायचो, ती ताठ बसायची. थोड्याच दिवसांत कपाटात तिची दाढ गेली.

मी भयंकर जळले. "भिंगं लावून काय, कुणालाही जमेल!" असं मी ज्याला त्याला ऐकवत सुटले. तिच्याही कानावर गेलं असणार, तरी ती म्हणाली, "अगं, घालून बघ ना." मी घातली. ती तिच्याच डोळ्यांच्या मापाची होती. मला दोन-दोन दाढा दिसल्या, दोन्ही धूसर. "छान आहेत," म्हणून परत केली. घरी बाबांकडे हट्ट धरला, तर ते म्हणाले, "एवढी मोठी दाढ दिसत नाही? मग आधी डोळे तपासून घे."

परीक्षेआधीच्या शेवटच्या सरावाला तिच्या चष्म्याची काडी तुटली. मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. आता कळेल हिला, म्हटलं.

ती तशीच ताठ बसली. मधेच हात थांबवून दाढेच्या एकाच कोपऱ्याकडे बघत होती. कोरताना तिथे बारीक कड राहून जाते हे तिला भिंगांनी केव्हाच दाखवलं होतं. आता दिसत नसलं तरी तिला ते ठाऊक होतं. कड राहिली का हे बघायला मॅडमनी दोघींच्या दाढांवरून बारीक टोकदार सळई फिरवली. माझ्या दाढेवर ती नेमकी त्याच कोपऱ्यात अडकली. तिच्या दाढेवरून सुळकन गेली.

पुढे दवाखाना काढल्यावर मी माझ्या मापाची भिंगं घेतली. त्यांतून सगळं स्वच्छ दिसतं. तरी एखादी दाढ मनासारखी झाली की वाटतं, तिने ती याहून चांगली केली असती, आणि मी पुन्हा जळते.