कॉडच्या डोक्यावरची टोपी

"आधी चित्रात काय नाही ते बघा," असं रोलंड ब्रॉकल्सबी नेहमी म्हणायचा. चित्र समोर आलं की चष्मा उतरवून स्वेटरच्या कडेला पुसायचा, हे एवढं एकच वाक्य बोलायचा, आणि मग बराच वेळ गप्प. त्याच्या त्या गप्प बसण्याची तऱ्हा स्कार्थबी बंदरात सगळ्यांना ठाऊक होती. ओहोटीला खाडीतला चिखल जसा हळूहळू उघडा पडतो, तसं उत्तर त्याच्या चेहऱ्यावर उघडं पडायचं. घाई त्याला कधी नव्हती.

महिन्याचा शेवटचा शनिवार, सकाळचे दहा, खलाशांसाठी चर्चने चालवलेल्या मिशनमधली चहाची खोली. टेबल खिडकीजवळचं, माणसं चार. जुने, विसरलेले सिनेमे हुडकून, धुऊनपुसून डिस्कवर काढणारी एक छोटी कंपनी होती. पुढची डिस्क कुठल्या सिनेमाची, हे ती कधी सरळ सांगायची नाही. एक चित्र पाठवायची. एकदा नुसती शिडी, आणि मधल्या पायरीवर अंडं. एकदा कुत्र्याच्या गळ्यात लग्नाची अंगठी. त्यावर देशभरातले सिनेमावेडे डोकी खाजवत बसायचे, आणि ज्याचं उत्तर पहिलं बरोबर त्याला ती डिस्क फुकट. अकरा वर्षांत स्कार्थबीच्या या टेबलावर एकोणीस डिस्का आल्या होत्या. एकोणीसच्या एकोणीस रोलंडच्या नावावर.

बस चालवणारा डॅरिल लाउंड चित्र छापून आणायचा. ग्लेनिस पेल, जिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, ती वहीत सगळ्यांचे अंदाज उतरवायची. आणि चौथा मॉरिस स्टार्की. त्याला मॉरिस म्हणणारे बंदरात थोडेच. बाकी सगळ्यांचा तो 'कात्री'. एकोणिसाव्या वर्षी हे नाव त्याला चिकटलं, आणि आता तो अडुसष्टचा होता. बायको लग्नाच्या दिवशी 'मिसेस कात्री' झाली होती. पोरांना शाळेत त्याच नावाने मार पडला होता.

रोलंड मात्र त्याला एकदाही कात्री म्हणाला नव्हता.

त्या सप्टेंबरात डॅरिलने कागद टेबलावर पसरला. एक मोठा कॉड मासा, तोंड वासलेला. त्याच्या डोक्यावर कामकऱ्याची कापडी टोपी, जराशी तिरकी. बस्स.

"हा तर माझा सासरा," ग्लेनिस म्हणाली.

"ग्लेनिसबाई, सासऱ्याचा सिनेमा कोण विकत घेणार?" डॅरिल हसला. "इटालियन असणार बघा. टोपीवाला खुनी. मासेबाजारात सुरी घेऊन फिरतो."

"तुला दर महिन्याला इटालियन खुनीच दिसतो. घरी बायको जेवायला देते ना?"

"बोल ना कात्री, तुला काय वाटतं?"

मॉरिसने कागद डाव्या हाताने जवळ ओढला. उजव्या हाताची दोन बोटं गोठवणीच्या कारखान्यात करवतीखाली गेली होती. "टोपी ओली आहे," तो म्हणाला. "रेघा बघ, पाणी ठिबकतंय. पण सिनेमा नाही आठवत. चीफ, तुम्ही बोला."

चीफ म्हणजे रोलंड. बंदरावरच्या थेटरात तो सिनेमाचं यंत्र चालवणारा मोठा ऑपरेटर होता तेव्हा मॉरिस त्याच्या हाताखाली होता. थेटर पाडून तिथे गालिच्यांचं दुकान झालं, त्यालाही तीस वर्षं झाली. तरी चीफ तो चीफच.

रोलंडने चष्मा पुसला नाही. त्याचं ते वाक्यही तो बोलला नाही. चहावर साय धरली होती.

"नाही सुचत," तो म्हणाला.

"ग्लेनिसबाई, तारीख लिहून ठेवा!" डॅरिल ओरडला. "चीफला सुचत नाही!"

सुचलं होतं. चित्रावर नजर पडली त्याच क्षणी सुचलं होतं. ती टोपी त्याच्या बापाची होती.

हर्बर्ट ब्रॉकल्सबी धक्क्यावर मासे उतरवायचा. गरीब होता, पण ताठ. दारातली दुधाची बाटली उचलायलासुद्धा टोपी घातल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. सदुसष्ट साली लंडनची मंडळी सिनेमा काढायला बंदरात आली. सिनेमाचं नाव 'खारी भिंत'. त्यांनी पहाटे चारला दोर लावून धक्का बंद केला आणि एका पौंडावर दोन हमाल घेतले. एक हर्बर्ट, आणि दुसरा पुढच्याच हिवाळ्यात बोटीसकट समुद्रात बुडाला. हर्बर्ट त्या सकाळी नखशिखांत भिजून घरी आला. "घसरलो," म्हणाला. "मागे टोपली घेऊन नुसतं उभं राहायचं काम होतं." आणि शेगडीजवळ टोपी वाळत घातली.

वर्षभराने सिनेमा लागला. सोमवारी पहिला खेळ, म्हणून रोलंड रविवारी दुपारी एकटाच रिकाम्या थेटरात रिळं तपासत बसला. तेव्हा चौथ्या रिळात त्याला बाप दिसला. दोन देखणे नट बोलत बोलत येतात, एक जण सहज धक्का देतो, आणि म्हातारा मासे धुण्याच्या हौदात आडवा पडतो. आतड्यांत, रक्तात, घाण पाण्यात. नट हसतात. टोपी तरंगत जाऊन एका कॉडच्या डोक्यावर बसते. म्हातारा उठतो, माशाच्या डोक्यावरची टोपी घेऊन तशीच आपल्या डोक्यावर चढवतो, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघून हसतो. विचारल्यासारखं. झालं का बरोबर? चाललं का साहेब?

ते हसू रोलंडला सोसलं नाही. सोमवारी अख्खं बंदर तिथे बसणार होतं.

त्याने कापलं. हात पक्का होता. पडदा काळा होतो तिथपासून पुन्हा काळा होतो तिथपर्यंत कापलं, म्हणजे सांधा कुणाला कळू नये. त्यात सिनेमाची सात मिनिटं गेली. तुकडा गुंडाळून डब्यात घातला, डबा सायकलला बांधला. संध्याकाळी बापाने विचारलं, "मी आहे का रे त्यात?" रोलंड म्हणाला, "नाही. काढून टाकलं असेल त्यांनी." म्हातारा "हं" म्हणाला आणि पाइप पेटवत राहिला. त्याला बरं वाटलं की वाईट, हे रोलंडला शेवटपर्यंत कळलं नाही.

सिनेमा पडला. रिळं परत गेली, मोजली गेली, आणि चौथं सात मिनिटांनी तोकडं निघालं. रिळं परत गुंडाळल्याच्या कागदावर सही मॉरिसची होती. मालक टॅपल यांनी दोघांना केबिनमध्ये उभं केलं. मॉरिस रडत शपथा घेत होता. रोलंड बुटांकडे बघत होता. त्याने खोटं काही सांगितलं नाही. काहीच सांगितलं नाही. त्यानंतर मॉरिसला कुठल्याही थेटराने उभं केलं नाही, आणि तो मासे गोठवायला गेला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, तेव्हा चौघं मुद्दाम त्याच टेबलाशी जमले. डॅरिलने फोनमध्ये बघून वाचून दाखवलं आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. सिनेमा 'खारी भिंत'. कॅमेरामनच्या घरात एक फोटो सापडला होता, त्यावरून चित्र काढलं. मूळ निगेटिव्ह पुरात गेली, जगात एकच प्रत उरली, आणि तिच्यात सात मिनिटं नाहीत. डिस्कबरोबरच्या पुस्तिकेत त्याची हकीकत येणार होती. स्कार्थबीच्या थेटरातला हाताखालचा ऑपरेटर एम. स्टार्की याने भाग कापून चोरला, त्याबद्दल त्याला काढून टाकण्यात आलं. कुणाला अधिक माहिती असल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावी.

कुणी हसलं नाही. डॅरिलने कात्री हा शब्दही काढला नाही.

"आजपर्यंत निदान बंदरातच होतं," मॉरिस म्हणाला. "तोंडी होतं. माणसं मेली की तेही मेलं असतं. आता छापणार." तो रोलंडकडे वळला. "चीफ, माझं अक्षर कुणाला लागत नाही. कंपनी तुम्हाला ओळखते, एकोणीस वेळा तुमचं नाव तिच्याकडे गेलंय. तुम्ही लिहा. लिहा की मॉरिस स्टार्कीने कापलं नाही. तुम्ही होता तिथे. तुमच्या शब्दाला वजन आहे."

रोलंडने कप बाजूला सारला. "पुढच्या शनिवारी आणतो," तो म्हणाला.

आठवडाभर तो रोज परसातल्या शेडपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. पत्र लिहिणं सोपं होतं. 'मॉरिसने कापलं नाही,' हे तर खरंच होतं. एवढं लिहून थांबता आलं असतं. कंपनीने कदाचित मानलंही असतं, आणि मॉरिसने त्याचे हात धरले असते. त्या शेवटच्या गोष्टीपाशी येऊन तो अडायचा.

शुक्रवारी दुपारी त्याने रंगाच्या डब्यांमागून तो डबा काढला. झाकण गंजलं होतं. उघडताच आंबट भपकारा आला, व्हिनेगरचा, डोळ्यांत पाणी आणणारा. रीळ वितळून एकजीव झालं होतं. काळी, चिकट चकती. नखाने एक पदर उचलून पाहिला, तर पापुद्रा हातात आला. त्यावर काहीच नव्हतं. एकोणपन्नास वर्षांत त्याने डबा एकदाही उघडला नव्हता. बाप आत आहे एवढं त्याला पुरत होतं.

शनिवारी त्याने पत्राऐवजी डबा टेबलावर ठेवला.

"हे काय, लोणचं?" डॅरिल म्हणाला. "कसला वास मारतोय!"

मॉरिसने वास ओळखला. सिनेमाची पट्टी सडली की असाच वास येतो, हे ऑपरेटरला सांगावं लागत नाही. त्याने डब्याकडे पाहिलं, मग रोलंडकडे.

"चौथं रीळ," रोलंड म्हणाला. "सात मिनिटं. मी कापलं."

ग्लेनिसच्या हातातली किटली वरच्या वर राहिली.

"का?" मॉरिसने विचारलं.

रोलंडने सांगितलं. बाप, हौद, टोपी, ते हसू. सावकाश सांगितलं, काही गाळलं नाही. मॉरिस ऐकत होता आणि अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरवत होता.

"तुझ्या बापाला लोक आठवडाभर हसले असते," तो शेवटी म्हणाला. चीफ नाही, तुम्ही नाही. "मला एकोणपन्नास वर्षं हसले."

"हो."

"तू मला कधी कात्री म्हणाला नाहीस. मी बायकोला सांगायचो, बंदरात एकच सभ्य माणूस आहे. मरताना तिने विचारलं होतं, रोलंड येतोय का भेटायला. तू आलास. फुलं घेऊन आलास."

"हो, मॉरिस."

"नुसतं हो हो काय करतोस रे?" मॉरिसचा आवाज चढला, आणि पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "त्या दिवशी टॅपलच्या केबिनमध्ये एक हो म्हणायचं होतं! एकच!"

मॉरिसने ग्लेनिसच्या वहीतून एक कोरा कागद फाडला आणि रोलंडपुढे सरकवला.

"लिही. सगळं. बापाचंही लिही."

"बापाचं राहू दे, मॉरिस. तेवढं राहू दे."

"माझ्या बापाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. लिही."

रोलंडने लिहिलं. पाऊण तास लागला. अक्षर नेहमीसारखंच देखणं होतं. हर्बर्ट ब्रॉकल्सबी, मासे उतरवणारा हमाल, हौदात पडला, ही ओळ लिहिताना पेन थांबलं, आणि मग पुढे गेलं. खाली त्याने पूर्ण नाव घातलं. मॉरिसने कागद दोनदा वाचला, घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"टपालात मी टाकतो," तो म्हणाला. "तुझ्यावर नाही सोडत."

रोलंड उठला. "पुढच्या महिन्याचं चित्र..." त्याने सुरुवात केली.

"तीन कप पुरतील," मॉरिस म्हणाला.

रोलंडने कोट घातला. डब्याकडे हात नेला आणि मागे घेतला. तो बाहेर पडला तेव्हा ग्लेनिस वासासाठी खिडकी उघडत होती, तिने मान वळवली नाही. डॅरिल फोनमध्ये डोळे घालून बसला होता. मॉरिसने खुर्ची फिरवली आणि काचेतून बघत राहिला. म्हातारा ओला रस्ता ओलांडून बर्फाच्या कारखान्याच्या कडेने चालला होता, वाऱ्याविरुद्ध, एका हाताने भिंतीचा आधार घेत. एकदा थांबला, श्वास घेतला, पुन्हा चालायला लागला. भिंत संपली, तो कोपऱ्याआड गेला. मॉरिस तरी बघतच होता.